ड्रमर गेल्यावर बँडमध्ये काय काय होतं

लोकांना वाटतं की बँडमधलं कुणी गेलं की पहिला प्रश्न येतो तो बँड चालू ठेवायचा की बंद करायचा हाच. आमच्या मेटल बँडमध्ये पहिला प्रश्न होता की बँडच्या ईमेलचा पासवर्ड कुणाला माहितीये. कारण सगळं त्याच्याकडे होतं. म्हणायला ड्रमर, पण हिशोब तोच ठेवायचा, शो तोच ठरवायचा, गाणी स्ट्रीमिंगवर टाकायचं अकाउंट त्याच्या नावावर, त्याचा ओटीपी येणार त्याच्या फोनवर आणि फोन लॉक. रात्री झोपला तो सकाळी उठलाच नाही, हृदय बंद पडलं, आधी कसलीही तक्रार नाही, आणि त्याबद्दल मला याहून जास्त लिहायचं नाहीये. लिहायचंय ते त्याच्या नंतरच्या काळाबद्दल, कारण तेव्हा मी खूप शोधलं आणि मिळाल्या त्या फक्त मोठ्या बँड्सच्या गोष्टी, त्यात दोन ओळींत सगळं उरकलेलं असतं, अमुक गेला, तमुक आला, अल्बम निघाला. मधल्या काळात जॅमरूममध्ये काय चाललं होतं ते कुणी सांगत नाही.

पासवर्डचं त्याच्या ताईने सोडवलं, लॅपटॉपवर लॉगिन तसंच राहिलं होतं म्हणून वाचलो. पण मग लोकांना कळवायचं कसं यावर आमचा जो काथ्याकूट झाला तो मी आयुष्यात विसरणार नाही. व्होकलिस्टने एवढं मोठं लिहिलं की वाचतानाच दम लागला, लीड गिटारवाल्याने ते कापत कापत चार ओळींवर आणलं, मग ते त्याच्या आईला, काकूंना, वाचून दाखवलं. आमचं सगळ्यांचं मत होतं की कशाने गेला ते खाजगी ठेवूया. काकू म्हणाल्या, ‘लिहा रे कशाने गेला ते. तुम्ही नाही लिहिलंत तर लोक आपल्या मनाने लिहितील.’ लिहिलं. तरीसुद्धा एका महाशयांनी पोस्टखाली टाकलंच की मेटलवाले म्हणजे काय, नशापाणी असणारच. ज्या माणसाला चहा दोनदा घेतला तर झोप येत नाही त्याच्याबद्दल हे. ताईने ते काकूंना दिसायच्या आत उडवायला लावलं.

स्लिपनॉट बँडचा बेसिस्ट पॉल ग्रे मे २०१० मध्ये गेला तेव्हा दुसऱ्याच दिवशी बाकीचे मेंबर त्याच्या घरच्यांना सोबत घेऊन पत्रकारांसमोर बसले होते, तेही मास्क न घालता. ज्या बँडची सगळी ओळखच मास्क आहे ते लोक असे उघड्या चेहऱ्याने, धड बोलताही येत नाहीये. तो व्हिडिओ मी पूर्वी पण पाहिला होता, तेव्हा नुसतंच वाईट वाटलं होतं. आता पाहिला तर डोक्यात वेगळंच आलं, की हे नऊ-दहा लोक आदल्या रात्री कुठेतरी बसले असणार आणि ठरवलं असणार की उद्या मास्क घालायचा का नाही. त्यावरही कुणाचं तरी वेगळं मत असणार.

नंतरचे काही आठवडे आम्ही चौघं वकिलांसारखे जुने दाखले शोधत होतो. लीडवाला एसी/डीसीच्या बाजूचा. त्यांचा गायक बॉन स्कॉट १९ फेब्रुवारी १९८० ला गेला आणि ‘बॅक इन ब्लॅक’ त्याच वर्षी जुलैमध्ये बाहेर, नवा गायक घेऊन, पाच महिन्यांत. बघ, थांबले नाहीत ते, काळं कव्हर, सुरुवातीला घंटा, झाली श्रद्धांजली. व्होकलिस्ट विंडीरच्या बाजूचा. नॉर्वेचा बँड, त्यांचा गायक वालफार जानेवारी २००४ मध्ये बर्फाच्या वादळात सापडून गेला, बाकीच्यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एक शेवटचा शो केला आणि नाव ठेवून दिलं, पुढे त्यातल्या काहींनी व्रेइड नावाने वेगळा बँड काढला. ऱ्हिदम गिटारवाला म्हणायचा मोटरहेड बघा, डिसेंबर २०१५ मध्ये त्यांचा गायक आणि म्होरक्या लेमी गेला, संपलं, लेमीशिवाय मोटरहेड नाही, एवढं सोपं आहे. त्यावर लीडवाला म्हणायचा की अरे लेमी होता तो, आपला ड्रमर होता. हे बोलल्यावर जॅमरूममध्ये पाच मिनिटं कुणी कुणाकडे बघितलं नाही. थोडक्यात प्रत्येकाला आपापल्या मतासाठी एकेक मेलेला माणूस मिळत होता.

आणि ते वाक्य, ‘त्याला हेच आवडलं असतं.’ हे वाक्य मला आता ऐकवत नाही. चालू ठेवूया म्हणणाऱ्याचं पण हेच आणि बंद करूया म्हणणाऱ्याचं पण हेच. एसी/डीसीच्या बाबतीत निदान बॉनच्या आईवडिलांनीच सांगितलं होतं की तुम्ही पुढे जा, म्हणजे कुणीतरी खरंच बोललं होतं. आमच्यात कुणाशी असलं बोलणं कधी झालंच नव्हतं, होणार तरी कसं, तो वयाने आमच्यात सगळ्यात लहान. त्याला काय आवडलं असतं यातलं मला खात्रीने माहीत असलेलं एवढंच की स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा तो छोटा ड्रम, मिक्समध्ये अजून वर पाहिजे होता. कायम.

शेवटी ठरलं असं काहीच नाही. एक शो आम्ही रद्द केला, त्या ऑर्गनायझरने फोनवर आधी वाईट वाटल्याचं सांगितलं आणि तिसऱ्या वाक्याला विचारलं की सेशन ड्रमर घेऊन जमेल का, पोस्टर छापून झालंय. राग आला पण आता वाटतं त्याचं पण बरोबर होतं, त्याचे पैसे अडकलेले. दुसरा शो लांब होता, त्याला नाही म्हणायचं राहून गेलं. आणि अर्धा झालेला अल्बम होता. बँड चालू राहिला तो बहुतेक त्या राहून गेलेल्या नाही मुळे.

मी बेस वाजवतो. ड्रमर गेला की बेसिस्टचं जे होतं ते गिटारवाल्यांना नाही कळत, हे जरा आपमतलबी वाटेल पण आहे तसं. गिटारवाले रिफ ऐकतात, मी इतकी वर्षं त्याचा उजवा पाय बघत वाजवत होतो. डबल किकच्या पॅसेजला, म्हणजे मोठ्या ड्रमवर दोन्ही पायांनी पेडल मारायच्या जागी, माझी बोटं त्याच्या पायाला बांधलेली, आणि फिलला, म्हणजे दोन भाग जोडणाऱ्या ड्रम्सच्या छोट्या तुकड्याला, जाताना तो क्लिकच्या, म्हणजे कानातल्या टिकटिकीच्या, किंचित पुढे जायचा, अगदी केसभर, आणि पुढच्या बारच्या (आवर्तनाच्या) एकवर बरोबर उतरायचा. ही त्याची खोड. रेकॉर्डिंगला सगळे त्याला यावरून बोलायचे. पण मला ती इतकी अंगवळणी पडलेली की मी पण त्याच्याबरोबर पुढे जायचो आणि मला ते माहीतच नव्हतं. पहिल्यांदा आम्ही चौघं नुसत्या क्लिकवर वाजवायला बसलो तेव्हा कळलं. दर चौथ्या बारला मी लवकर. ऱ्हिदमवाला थांबून बघतोय, परत पहिल्यापासून, परत मी लवकर. तिसऱ्यांदा व्होकलिस्टच्या लक्षात आलं आणि तो बाहेर निघून गेला. रडणं वगैरे माझं अंत्ययात्रेला पण झालं नव्हतं, ते तिथे झालं, हातात बेस आणि कानात मशिनचं टिक टिक.

किट तिथेच होतं, जसंच्या तसं. ज्यांनी ड्रम्सचं किट जवळून पाहिलं नाही त्यांना सांगतो, ते नुसतं वाद्य नसतं, त्यात त्या माणसाची उंची, मांडीची लांबी, खांदा दुखतो का, सगळं बसलेलं असतं. त्याच्या किकच्या चामड्यावर बीटरचे दोन डाग, उजवा जास्त खोल. पेडलची स्प्रिंग एवढी घट्ट आवळलेली की मला दाबताना पोटरीत गोळा यायचा. स्टँडच्या नळीवर छोटे क्लॅम्प असतात, मेमरी लॉक, म्हणजे शोसाठी सगळं उघडून परत जोडलं तरी टॉम त्याच उंचीला आणि त्याच कोनात बसतो, ते सगळे त्याच्या मापाने आवळलेले. डावी क्रॅश, म्हणजे मोठी झांज, तो फार वर ठेवायचा, दिसायला भारी म्हणून, आणि मग दर शोनंतर खांदा धरून बसायचा.

नवा ड्रमर पहिल्यांदा आला तेव्हा या किटवर बसला. आमच्याहून बराच लहान, कामाला एकदम पक्का, येताना स्वतःचं पेडल आणि स्वतःचा स्नेअर घेऊन आला होता. बसला, हात लांब करून बघितला, आणि विचारलं, ‘दादा, स्टूल जरा खाली घेऊ का?’ एवढाच प्रश्न. चौघांपैकी एकानेही उत्तर दिलं नाही. तो आमच्याकडे बघतोय, आम्ही स्टुलाकडे. मग त्याने काही न बोलता तसंच वाजवलं, गुडघे विचित्र वाकवून, दोन अडीच तास. दुसऱ्या वेळेला यायच्या आधी मी आणि ताईने मिळून किट उघडलं. प्रत्येक लॉकपाशी खडूने खूण केली, फोटो काढले, मग सगळे लॉक सैल केले. ताई इंजिनिअर आहे, तिने कागदावर मापं पण लिहिली, टॉम जमिनीपासून किती सेंटीमीटर, दोन पेडलमधलं अंतर किती. तो कागद तिच्याकडे आहे. किट आता नवा मुलगा त्याच्या मापाने लावतो आणि डावी क्रॅश चांगली हातभर खाली आलीये.

नव्या माणसाला कसं वागवायचं यावर मेटलच्या इतिहासात एक मोठा धडा आहे आणि तो मेटालिकाचा. २७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमध्ये टूरची बस उलटून त्यांचा बेसिस्ट क्लिफ बर्टन गेला. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तर त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड त्यांच्याबरोबर स्टेजवर होता. दीड महिना पण नाही. त्यानंतर बाकीच्यांनी त्याला जो त्रास दिला, थट्टा, टोमणे, त्याबद्दल त्यांनी स्वतःच पुढे कबुली दिलीये. आणि १९८८ च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये त्याचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. का, त्याची वेगवेगळी कारणं सांगतात, मिक्सिंगची, कानांची, पण बेसिस्ट म्हणून मी तो अल्बम ऐकतो तेव्हा मला एवढंच ऐकू येतं की एक माणूस तिथे उभा आहे आणि कुणी त्याच्याकडे बघायला तयार नाही. न्यूस्टेड पुढे चौदा वर्षं त्या बँडमध्ये होता, २००१ मध्ये सोडलं. मेल्यावर माणसाचा राग येतो आणि तो त्याच्यावर काढता येत नाही म्हणून त्याच्या जागी आलेल्यावर निघतो, हे मी मानसशास्त्र शिकलोय म्हणून नाही म्हणत, आमच्या लीडवाल्याला बघून म्हणतोय.

तो दर गाण्याला थांबवायचा. हा फिल असा नव्हता. तो इथे राइडवर (बाजूच्या मोठ्या झांजेवर) जायचा नाही. इथे तो एक सोडायचा. नवा मुलगा मान डोलवायचा, परत वाजवायचा, परत थांबवणार. एक दिवस त्या मुलाने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि शांतपणे म्हणाला, ‘दादा मला लिहून द्या. कुठे अगदी तसंच पाहिजे आणि कुठे मी माझं वाजवू. जिथे तसंच पाहिजे तिथे मी रेकॉर्डिंग ऐकून काठी काठी उतरवून आणतो, पण मग बाकीच्या ठिकाणी थांबवायचं नाही.’

म्हणून आम्ही खरंच कागद घेऊन बसलो. गाणंवार. आणि मला वाटतं आमचं जे काही सुतक होतं ते खऱ्या अर्थाने त्या कागदावर झालं. कारण नुसतं ‘त्याची आठवण ठेवायची’ म्हणणं सोपं, इथे दुसऱ्या गाण्याच्या ब्रेकडाऊनआधीचा (गाणं संथ आणि जड होतं त्या भागाआधीचा) फिल ठेवायचा का सोडायचा यावर मत द्यायचं होतं. आणि मतं भलतीच निघाली. जे फिल लोकांना आवडायचे, ज्यावर पुढची रांग हवेत ड्रम वाजवायची, ते सोडायला सगळे तयार. आणि कुणालाही ऐकू न येणाऱ्या गोष्टींवर अडून बसले. व्होकलिस्टला तिसऱ्या गाण्यात त्याचा श्वास घ्यायच्या जागेवर एक अगदी हलका स्नेअरचा ठोका असायचा तो पाहिजे, त्याशिवाय त्याला पुढची ओळ उचलता येत नाही. ऱ्हिदमवाल्याला एका ठिकाणी हायहॅट, म्हणजे पायाने उघडमिट होणारी झांजांची जोडी, अर्धा उघडा. मी मागितलं ते फिलच्या आधीचं ते केसभर पुढे जाणं, एका गाण्यात, फक्त एकात. नव्या मुलाने प्रयत्न केला. जमत नव्हतं, कारण तो ठरवून पुढे जात होता, आणि आमचा मूळचा माणूस उत्साहात जायचा. मी म्हटलं सोड, खोड आहे ती, फिल नाही, ती दुसऱ्याला लावता येत नाही. त्यानंतर माझं पण बाकीच्या गाण्यांत लवकर जाणं हळूहळू कमी झालं. बरं वाटलं का? नाही वाटलं.

बाहेरचा माणूस न घेता सोडवायचा एक मार्ग असतो तो ड्रमरच्या बाबतीत चालत नाही. द ब्लॅक डाहलिया मर्डरचा गायक ट्रेव्हर स्ट्रनाड मे २०२२ मध्ये गेला तेव्हा त्यांच्यातल्याच गिटारिस्टने, ब्रायन एशबाखने, गिटार खाली ठेवून माइक घेतला आणि जुन्या गिटारिस्टला परत बोलावलं. मला हा सगळ्यात शहाणपणाचा मार्ग वाटतो, कारण लोक ज्या चेहऱ्याला ओळखतात तोच पुढे येतो. आमच्यात ब्लास्ट बीट, म्हणजे मेटलमधला तो सुसाट ठेका, वाजवणारं दुसरं कुणी नाही, माझे पाय तर साध्या जिन्यावर अडखळतात.

आता अल्बम. त्याचे ड्रम्स चार गाण्यांवर पूर्ण रेकॉर्ड झाले होते, बाकीच्यांवर फक्त त्याने लॅपटॉपवर माऊसने टाकलेले कच्चे ड्रम्स. चार गाण्यांबद्दल वाद नव्हता. हेलये बँडची गोष्ट माहिती होती, त्यांचा ड्रमर विनी पॉल जून २०१८ मध्ये गेला आणि २०१९ चा त्यांचा अल्बम त्याच्याच वाजवलेल्या ड्रम्सवर निघाला. अव्हेंज्ड सेव्हनफोल्डचा ड्रमर द रेव्ह डिसेंबर २००९ च्या शेवटी गेला आणि पुढच्या वर्षीच्या अल्बममध्ये एका गाण्यावर त्याने आधी गाऊन ठेवलेला आवाज तसाच आहे, ड्रम्स मात्र माइक पोर्टनॉयने वाजवलेत, जो रेव्हचा स्वतःचा आवडता ड्रमर. उलट डेफ्टोन्स, त्यांचा ची चेंग २००८ च्या अपघातात कोमात गेला, त्याच्याबरोबर केलेला अख्खा अल्बम त्यांनी बाजूला ठेवला आणि नवा बेसिस्ट घेऊन दुसराच अल्बम केला. ची २०१३ मध्ये गेला. बाजूला ठेवलेला अल्बम अजून पूर्ण बाहेर आलेला नाही. ते मला सगळ्यात कठीण वाटतं, माणूस आहे आणि नाही, आणि तुम्हाला टूरला तर जायचंय.

आमच्या चार गाण्यांत खरी गंमत झाली ती एडिटिंगला. आजकालच्या मेटलमध्ये ड्रम्स रेकॉर्ड झाले की प्रत्येक ठोका ओढून ग्रिडवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अचूक वेळेच्या रेघांवर, बसवतात, शिवाय किक आणि स्नेअरच्या आवाजाखाली सॅम्पल, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेला ठोका, मिसळतात, हे सगळेच करतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्याने जिवंत असताना स्वतःच सांगितलं असतं की बसव सगळं ग्रिडवर. आता इंजिनिअरने विचारलं की करू का, तर चौघांनी एकदम नको म्हटलं. बहुधा आमचं एकमत झालेली ती एकमेव गोष्ट. म्हणून ती चार गाणी तशीच आहेत, फिलला पुढे पळणारी. ऐकणाऱ्याला कदाचित आम्ही कच्चे वाटू. वाटू देत.

मग इंजिनिअरने दुसरी आयडिया काढली, की त्याच्या ट्रॅक्समधून त्याचा एकेक ठोका कापून काढतो, किक, स्नेअर, टॉम सगळे, आणि बाकीची गाणी त्याच्या आवाजात प्रोग्रॅम करतो, कुणाला कळणार पण नाही. करता येतं हे, आरामात. लीडवाला लगेच तयार. मला ते ऐकूनच कसंतरी झालं. आवाज त्याचा आणि वाजवलेलं त्याने नाही, म्हणजे आपण त्याच्या हातात काठ्या देऊन त्याचे हात हलवणार. यावर चांगलं वाजलं आमचं. निघालं ते असं की बाकीची गाणी नवा मुलगाच वाजवणार, फक्त स्नेअरखाली त्याच्या स्नेअरचं सॅम्पल थोडंसं मिसळायचं. मला हे आजही पूर्ण पटलेलं नाही, पण नव्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला आवाज भारी येतोय की दादा, आणि त्याच्या वाजवण्यावरच चढवणार होतो तर त्याचं मत माझ्यापेक्षा वरचं.

क्रेडिट आणि पैशांचं मी थोडक्यात सांगतो कारण पैसे फारसे नाहीतच. पण ज्यांचा बँड आहे त्यांनी हे जिवंतपणीच लिहून ठेवा, कुठलं गाणं कुणी लिहिलं, कुणाचे किती टक्के. गाण्याचा हक्क माणसाबरोबर जात नाही, आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे तो गेल्यावर किमान ५० वर्षं राहतो, बऱ्याच देशांत ७०, आणि तो घरच्यांकडे जातो. काकांना आम्ही हे समजावून सांगितलं तर ते म्हणाले, मला कशाला रे. ताई म्हणाली, लिहा, नीट लिहा. लिहिलं. कच्च्या गाण्यांवर पण त्याचं नाव आहे, मेटालिकाने पण क्लिफच्या मागे उरलेल्या गोष्टींतून एक गाणं बांधलं तेव्हा लिहिणाऱ्यांत त्याचं नाव ठेवलंच होतं.

शो. जो रद्द करायचा राहून गेला तो. पहिल्यांदा चर्चा झाली की स्टेजवर त्याच्यासाठी काय करायचं. स्लिपनॉट २०११ मध्ये परत स्टेजवर आले तेव्हा पॉल ग्रेचा सूट आणि मास्क त्याच्या जागेवर उभा केला होता आणि बेस वाजवणारा डॉनी स्टील स्टेजच्या मागे, लोकांना न दिसता वाजवत होता. आम्हाला ते फार आवडलं होतं पाहताना. पण ड्रमर मागे लपवणार कसा, आणि रिकामं किट मध्ये ठेवून दुसऱ्या किटवर नवा मुलगा म्हणजे त्याने रात्रभर एका थडग्याशेजारी बसून वाजवायचं. नाही केलं. फोटो पण नाही लावला. व्होकलिस्टने दोन गाण्यांच्या मध्ये नाव घेतलं, एवढंच ठरलं होतं, आणि तेवढं पण त्याला धड जमलं नाही. ज्यांना ग्रोल, म्हणजे मेटलमधलं ते गुरगुरतं गाणं, करता येतं त्यांना माहीत असेल, रडून घसा आवळला की आवाज खालून निघतच नाही, वरच्या वर खरवडतो आणि दुखतं. पुढची दोन गाणी त्याने अर्ध्या आवाजात ओढली. एक गाणं आम्ही सेटलिस्टमधून काढलंय ते अजून परत आलेलं नाही, त्यात छाती आणि ठोके वगैरे आहे, तेव्हा लिहिताना भारी वाटलं होतं.

एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. आम्ही शोला कानात मॉनिटर लावून क्लिकवर वाजवतो, आणि त्या क्लिकच्या ट्रॅकवर मधेमधे बोललेल्या खुणा असतात, ‘ब्रेकडाऊन, दोन, तीन, चार’ अशा, म्हणजे कुणी चुकू नये. त्या सगळ्या खुणा त्याच्या आवाजात. घरी रात्री हळू आवाजात रेकॉर्ड केलेल्या, आई झोपलीये म्हणून, एका ठिकाणी मागे पंख्याचा आवाज पण येतो. साउंडचेकला नव्या मुलाने पहिलं गाणं सुरू केलं आणि मधेच थांबला. म्हणाला, मला कानात कुणीतरी मोजतंय. त्याला माहीतच नव्हतं हा आवाज कुणाचा. सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, मला नाही जमणार दादा हे ऐकत. व्होकलिस्ट म्हणाला, मला त्याशिवाय नाही जमणार. आता प्रत्येकाच्या कानातलं मिक्स वेगळं असतं ही केवढी मोठी सोय. साउंडवाल्याने ड्रमरच्या कानातून तो आवाज बंद केला, त्याला नुसती टिक टिक, व्होकलिस्टला पूर्ण, बाकीच्यांनी आपापलं ठरवायचं. मी पहिल्या शोला ठेवला होता. आता अर्धा खाली घेतलाय. काका-काकू आले होते शोला, कानात कापूस घालून, शेवटपर्यंत उभे होते, काकूंनी नंतर नव्या मुलाचा हात हातात घेऊन बोटं बघितली आणि विचारलं, फोड येतात का रे तुला पण.

व्होकलिस्ट काउन्सेलरकडे जातो, त्याला फरक पडलाय, दिसतो. आम्ही बाकीचे जाऊ जाऊ म्हणतोय. नावाचा विषय मधूनच निघतो, की याच नावाने किती दिवस. पॅन्टेरा २०२२ मध्ये परत उभं राहिलं तेव्हा त्यांचा गिटारिस्ट डॅरेल आणि ड्रमर विनी पॉल हे दोघं भाऊ हयात नव्हते, झॅक वाइल्ड आणि चार्ली बेनांटे त्यांच्या जागी, आणि लोक अजून भांडतात की हा बँड आहे का श्रद्धांजलीचा कार्यक्रम. आमच्यावर भांडायला तेवढे ऐकणारेच नाहीत, त्यामुळे आम्ही नाव तसंच ठेवलंय.

अल्बमचं मिक्स चालू आहे. अडलंय ते शेवटच्या गाण्यावर. त्याने माऊसने टाकलेल्या ड्रम्समध्ये एका ठिकाणी हायहॅट, स्नेअर आणि क्रॅश तिन्ही एकाच क्षणी आहेत आणि पाय तर दोन्ही किकवर पळतायत. नव्या मुलाने ऐकून सरळ सांगितलं की याला तीन हात लागतात. आम्ही खूप हसलो, कारण हे अगदी त्याचंच काम, आधी टाकून द्यायचं आणि किटवर बसल्यावर बघू म्हणायचं. तो बसल्यावर काय सोडणार होता ते आता कुणाला विचारायचं. नव्या मुलाने हायहॅट सोडून वाजवलंय आणि मला ते चांगलं वाटतंय. लीडवाला म्हणतो हायहॅट ठेव आणि क्रॅश सोड, तो नक्की क्रॅशच सोडणार होता. नव्या मुलाने कालच कळवलंय की दोन्ही वाजवून पाठवतो, पण मतदान एकदाच करा.